आहार, टी पेशी आणि कॅन्सर: ताटात काय बदलायचं, किती आणि कधी

टी पेशी म्हणजे शरीराच्या बचावासाठी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी. कॅन्सरच्या गाठीत शिरलेल्या टी पेशीला शत्रूच्या आधी भेटते ती उपासमार. गाठीतल्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढून घेतात. ऑक्सिजन मुबलक असला तरी त्या ग्लुकोज पुरतं जाळत नाहीत, अर्धवट फोडून त्याचं लॅक्टेट बाहेर टाकतात. ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं. गंमत अशी की लढायला उठलेली टी पेशीही नेमकं हेच करते. एरवी ती थोडक्यात भागवते, पण कॅन्सरची खूण ओळखली की सहा-आठ तासांत एकदा दुभागू लागते. मग तिला ग्लुकोज, ग्लुटामिन आणि मेथिओनिन (ही दोन्ही प्रथिनांची घटकद्रव्यं), लोह, जस्त सगळंच एकदम लागतं. एकाच कोठारावर दोघांचा डोळा. त्यात कॅन्सरच्या पेशी आधीच ठाण मांडून बसलेल्या असतात आणि बाहेर टाकलेल्या लॅक्टेटमुळे गाठीतला भाग आंबट झालेला असतो. अशा जागी टी पेशी मरत नाही, पण तिच्या हातून काम होत नाही. इंटरफेरॉन गॅमासारखी मारक रसायनं ती बनवेनाशी होते. प्रयोगशाळेच्या भाषेत ती ‘थकलेली’ असते.

अन्नाचा संबंध येतो तो या ठिकाणी, आणि तीन वाटांनी. पहिली वाट कच्च्या मालाची: अस्थिमज्जेत रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार होतात, त्यांना लागणारी प्रथिनं ताटातूनच येतात. दुसरी वाट आतड्यातल्या जिवाणूंची, कारण प्रतिकार पेशींचा एक मोठा साठा आतड्याच्या भिंतीत आणि तिच्या आसपास असतो. तिसरी वाट चरबी, इन्सुलिन आणि धुमसत्या दाहाची. कोणतंही अन्न गाठ विरघळवत नाही आणि उपचाराची जागा घेत नाही. पण टी पेशीला कोणत्या परिस्थितीत लढावं लागेल, यावर या तिन्ही वाटांनी थोडाफार ताबा मिळवता येतो.

आधी साखरेचा प्रश्न निकालात काढू

गाठ साखर खाते, मग साखर तोडली की गाठ उपाशी मरेल, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो. चुकतो तो दोन ठिकाणी. रक्तातलं ग्लुकोज ठरावीक पातळीवर ठेवणं हे यकृताचं काम आहे. जेवणातून साखर आली नाही, तर यकृत आधी साठा वापरतं आणि मग स्नायूंतली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, रुग्णाचे स्नायू मात्र जातात. दुसरं, टी पेशीलाही तेच ग्लुकोज हवं असतं.

तरीही गोड पेयं, फळांचे गाळलेले रस आणि मैद्याची बिस्किटं कमी करावीत. कारण निराळं आहे: त्यांनी इन्सुलिन वारंवार उसळतं, पोटाची चरबी वाढते आणि तंतू (फायबर) देणाऱ्या पदार्थांची जागा अडते. ज्या रुग्णाच्या घशाखाली दिवसभरात दुसरं काही उतरत नाही, त्याच्या हातातून मात्र आइस्क्रीमची वाटी काढून घेऊ नये. त्या आठवड्यात त्याला ऊर्जेची गरज तत्त्वांपेक्षा जास्त आहे.

पायरी १: आपण कोणत्या टप्प्यावर आहोत ते ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. निरोगी माणसासाठी दिलेला सल्ला केमो चालू असलेला रुग्ण पाळतो आणि महिन्याभरात सहा किलो हरवून बसतो.

कॅन्सर झालेला नाही, धोका कमी करायचा आहे: अशा वेळी भर तंतूंवर, वजन आटोक्यात ठेवण्यावर, दारू आणि प्रक्रिया केलेलं मांस टाळण्यावर. उपचार चालू आहेत: पहिलं काम वजन आणि स्नायू टिकवणं, दुसरं अन्नातून जंतुसंसर्ग होऊ न देणं, आणि तंतूंचा नंबर त्यानंतर, तोही पोट साथ देत असेल तर. उपचार संपले आहेत: हळूहळू पहिल्या गटाकडे परतायचं, मात्र गमावलेले स्नायू आधी भरून काढायचे.

पुढच्या पायऱ्या वाचताना आपला गट डोळ्यासमोर ठेवा.

पायरी २: वजन मोजा आणि टक्केवारी काढा

आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी शौचानंतर, न्याहारीपूर्वी, साधारण तेवढ्याच वजनाच्या कपड्यांत. आकडा तारखेसह वहीत लिहा. मग सहा महिन्यांपूर्वीच्या वजनातून आजचं वजन वजा करा, आलेल्या उत्तराला जुन्या वजनाने भागा आणि १००ने गुणा. ६४ किलोंचे ६० झाले असतील तर घट ६.२५ टक्के.

प्रयत्न न करता सहा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरणं, ही कॅन्सरमधल्या क्षयाची म्हणजे कॅकेक्सियाची मान्य मर्यादा आहे. मुळातच बारीक असलेल्यांसाठी, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २०च्या खाली असेल तर, २ टक्क्यांवरच सावध व्हायचं. ‘चला, यानिमित्ताने बारीक तरी झालो’ असं समाधान मानणारे बरेच भेटतात. हे वजन नुसतं चरबीचं नसतं, बऱ्याच अंशी स्नायूंचं असतं. स्नायू हे ग्लुटामिनचं कोठार आहे. दुभागणाऱ्या टी पेशींना ग्लुटामिन भरपूर लागतं, म्हणून स्नायू झिजले की प्रतिकार पेशींची रसदही आटते.

एक फसवी गोष्ट: पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर वजनकाटा खोटं बोलतो. अशा वेळी दंडाच्या मध्यावरचा घेर टेपने मोजा, दर वेळी त्याच हाताचा. घेर कमी होत असेल आणि वजन स्थिर असेल, तर स्नायू चालले आहेत आणि त्यांची जागा पाणी घेत आहे.

पायरी ३: प्रथिनांचा आणि उष्मांकांचा हिशोब

युरोपातल्या वैद्यकीय पोषण संस्थेची, म्हणजे एस्पेनची, कॅन्सरच्या रुग्णांसाठीची शिफारस अशी आहे: दर किलो वजनामागे रोज १ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत, आणि उष्मांक दर किलोमागे २५ ते ३०. ६० किलोंच्या माणसाचं लक्ष्य १.२ ग्रॅमने धरलं तर ७२ ग्रॅम, वरची मर्यादा ९० ग्रॅम, आणि उष्मांक १,५०० ते १,८००.

कागदावर सोपं वाटतं, ताटात ते कसं बसतं ते पाहा. सकाळी दोन अंडी आणि २५० मिलिलिटर दूध: १२ आणि ८, झाले २० ग्रॅम. दुपारी शिजलेली डाळ किंवा कडधान्य १५० ग्रॅम, त्यातून सुमारे १३. दही १५० ग्रॅम, त्यातून ५ ते ६. धान्यातून आणखी ५-६. मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम, त्यातून ७ ते ८. रात्री शिजलेलं १०० ग्रॅम मासे किंवा चिकन, त्यातून २० ते २५ ग्रॅम. बेरीज ७० ते ७८. शाकाहारी असाल तर रात्री घट्ट टोफू १५० ग्रॅम आणि पुन्हा एक वाटी डाळ, म्हणजे तेवढंच भरतं. एखादं जेवण सुटलं की मात्र २० ग्रॅम गेले, आणि ते दुसऱ्या जेवणात घुसवणं अवघड जातं. म्हणून प्रथिनं तीन-चार वेळांत विभागा. एकाच वेळी ६० ग्रॅम खाण्यापेक्षा दर वेळी २० ते ३० ग्रॅम खाल्ले तर स्नायू ते नीट वापरतात. त्याला थोडा व्यायाम जोडा, खुर्चीवरून दहा वेळा उठबस केली तरी चालेल. नुसत्या प्रथिनांनी स्नायू बांधले जात नाहीत.

गाडी अडते कुठे? बहुतेकदा तोंडाशी. केमोनंतर मांसाला धातूसारखी चव येते. तेव्हा धातूचे चमचे बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकचे वापरा आणि मांसाऐवजी अंडी, दही, डाळी घ्या. गरम अन्नाचा वास सहन होत नसेल तर तेच अन्न गार करून खा, वास निम्म्यावर येतो. चार घासांत पोट भरत असेल तर जेवताना पाणी पिऊ नका, ते दोन जेवणांच्या मध्ये प्या. प्रमाण वाढत नसेल तर घट्टपणा वाढवा: दुधात दूध पावडर, सूपमध्ये वाटलेली डाळ, लापशीत दाण्याचं लोणी. तेवढ्याच वाटीत दीडपट ऐवज जातो.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे आकडे स्वतःहून वाढवू नयेत. त्यांचं प्रमाण आहारतज्ज्ञ रक्ततपासणी पाहून ठरवतात.

पायरी ४: तंतू, म्हणजे जिवाणूंचा खुराक

आहार आणि टी पेशी यांच्या नात्याबद्दल माणसांवर झालेल्या अभ्यासांत सगळ्यात भरीव माहिती तंतूंबद्दलची आहे, म्हणून इथे जरा थांबू.

तंतू आपल्याला पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेट, प्रोपिओनेट, ॲसिटेट ही लहान साखळीची मेदाम्लं तयार करतात. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. अस्तर घट्ट राहिलं की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपत नाहीत आणि अंगभर धुमसणारा दाह कमी होतो. ब्युटिरेट टी पेशींच्या आतही पोचतं, कोणती जनुकं उघडी राहतील हे बदलतं आणि स्मरणशक्ती असलेल्या सीडी८ टी पेशी (कॅन्सर पेशींना थेट मारणारा टी पेशींचा प्रकार) टिकायला मदत करतं.

२०२१मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर इम्युनोथेरपी (प्रतिकार पेशींना कॅन्सरविरुद्ध चेतवणारे उपचार) घेणाऱ्या १२८ रुग्णांचा आहार तपासला होता. रोज २० ग्रॅम किंवा त्याहून जास्त तंतू खाणाऱ्यांमध्ये रोग बळावल्याशिवाय जास्त काळ गेला. दर ५ ग्रॅम वाढीमागे रोग बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्के कमी दिसला. अभ्यास निरीक्षणाचा होता, म्हणजे जास्त तंतू खाणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. पण त्याच संशोधकांनी उंदरांना कमी तंतूंचं खाणं दिलं, तेव्हा गाठीतल्या टी पेशींचं काम मंदावलं आणि औषधाचा परिणाम घटला. दोन्ही दुवे एकाच दिशेला बोट दाखवतात.

रोजचं लक्ष्य ३० ग्रॅम ठेवा. मोजमापासाठी ढोबळ आकडे: शिजलेली मसूर किंवा हरभरे १०० ग्रॅमला ७ ते ८ ग्रॅम, कोरडे ओट्स ५० ग्रॅमला ५, सालीसकट मध्यम सफरचंद ४, भाज्या २०० ग्रॅमला ५ ते ६, बदाम ३० ग्रॅमला साडेतीन, अख्ख्या गव्हाच्या ब्रेडचे दोन काप ४. शिजलेल्या पांढऱ्या भातात १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमही नसतो. वर दिलेल्यातले ओट्स, सफरचंद, १५० ग्रॅम कडधान्य, भाज्या आणि बदाम एका दिवसात घेतले की आकडा तिशीच्या आसपास जातो. कडधान्याशिवाय तो गाठणं कठीण, हे लक्षात येईलच. नुसत्या सॅलडने पोट भरल्यासारखं वाटतं, पण काकडी-टोमॅटोत तंतू फार थोडे असतात.

वाढवायचं कसं? आज १२ ग्रॅम खात असाल तर उद्या ३० नको. दर आठवड्याला ५ ग्रॅमने चढा, म्हणजे चार आठवडे. घाई केली तर पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस ‘मला कडधान्य सोसत नाही’ म्हणून कायमचं सोडून देतो. जिवाणूंची संख्या वाढायला वेळ लागतो, इतकंच. कडधान्य आठ-बारा तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात मऊ शिजवा. गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो. तंतू वाढले की पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ होतं. एकाच प्रकारचे तंतू नकोत. इसबगोलाचा चमचा शौचाला मदत करतो, पण जिवाणूंना तो फारसा आंबवता येत नाही, म्हणून डाळी, धान्य, भाज्या, फळं, दाणे यांची जागा तो भरत नाही.

आणि तंतू कधी वाढवायचे नाहीत? आतडं अरुंद झालं असेल किंवा अडकण्याचा धोका सांगितला असेल. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा नवा स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेलं छिद्र) असेल. ओटीपोटाला रेडिएशन चालू असून जुलाब होत असतील. इम्युनोथेरपीमुळे आतड्याला सूज आली असेल. या काळात मऊ, सोललेलं, कमी तंतूंचं अन्नच योग्य. डॉक्टरांनी कमी तंतूंचा आहार लिहून दिला असेल तर हा लेख बाजूला ठेवा.

पायरी ५: जिवाणू बाटलीतून विकत घेऊ नका

जिवाणू महत्त्वाचे, मग प्रोबायोटिकच्या कॅप्सूल का नको? वरच्याच अभ्यासात सगळ्यात चांगली परिस्थिती होती ती पुरेसे तंतू खाणाऱ्या आणि प्रोबायोटिक न घेणाऱ्या रुग्णांची. उंदरांमध्ये बाजारी प्रोबायोटिक दिल्यावर इम्युनोथेरपीचा परिणाम उलट घटला. आतड्यात शेकडो जातींचे जिवाणू असतात. त्यात एक-दोन जाती अब्जांच्या संख्येने ओतल्या तर गर्दी वाढते, विविधता वाढत नाही. २०२१मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या मेलानोमाच्या रुग्णांना, ज्यांच्यावर औषध लागू पडलं होतं अशांच्या विष्ठेतले जिवाणू दिले गेले, तेव्हा १५पैकी ६ आणि दुसऱ्या अभ्यासात १०पैकी ३ जणांना फायदा दिसला. तिथे सगळी वसाहतच हलवली होती, कॅप्सूलशी त्याची तुलना नको.

प्रतिजैविकांचंही असंच. इम्युनोथेरपी सुरू होण्याच्या आसपास अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांमध्ये परिणाम कमी दिसतो, हे अनेक अभ्यासांत आलं आहे. याचा अर्थ जंतुसंसर्ग झाला तरी औषध टाळावं असा मुळीच नाही. साध्या सर्दीसाठी स्वतःहून गोळ्या घेणं थांबवावं, एवढाच.

दही, केफिर (आंबवलेलं पातळ दूध), आंबवलेल्या भाज्या यांचं स्थान वेगळं आहे. ३६ निरोगी प्रौढांवरच्या एका अमेरिकन प्रयोगात दहा आठवडे भरपूर आंबवलेलं खाणाऱ्यांमध्ये जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाशी जोडलेली १९ प्रथिनं रक्तात कमी झाली. रोज एक-दोन वाट्यांनी सुरुवात ठीक. मात्र पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या असतील तेव्हा जिवंत जिवाणू असलेले पदार्थ उपचार करणाऱ्यांना विचारूनच घ्या.

पायरी ६: चरबी, अंगावरची आणि ताटातली

जास्तीच्या चरबीचा १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६मध्ये नोंदवलं. कारणं अनेक आहेत, त्यातलं एक थेट टी पेशींचं. २०२०मध्ये ‘सेल’मध्ये आलेल्या प्रयोगात भरपूर चरबी खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांच्या गाठीत कॅन्सर पेशींनी आपली यंत्रणा बदलून मेदाम्लं ओढायला सुरुवात केली. सीडी८ टी पेशींना तसं बदलता आलं नाही. अंगभर चरबी, आणि गाठीत मात्र टी पेशींना चरबीचा तुटवडा, अशी विचित्र अवस्था.

धोका कमी करायचा असेल तर वजन सावकाश उतरवा, आठवड्याला अर्धा किलो. उपचार चालू असताना मात्र वजन कमी करण्याचा कार्यक्रम स्वतःहून हाती घेऊ नका. लठ्ठ रुग्णांमध्ये टी पेशी जास्त थकलेल्या असतात, तरी काही अभ्यासांत इम्युनोथेरपीचा परिणाम त्यांच्यात उलट बरा दिसला आहे. नातं इतकं सरळ नाही.

ताटातल्या चरबीत ऑलिव्ह, शेंगदाणा, मोहरी अशी द्रव तेलं, दाणे आणि आठवड्यातून दोनदा तेलकट मासे हा पाया. २०२३मध्ये दूध आणि मांसात सापडणारं ट्रान्स-व्हॅक्सेनिक आम्ल सीडी८ टी पेशींना तल्लख करतं असं ‘नेचर’मध्ये आलं आणि ‘मांस कॅन्सरशी लढतं’ अशा बातम्या झळकल्या. प्रयोग उंदरांवर आणि पेशींवर होता, शुद्ध आम्ल देऊन. लाल मांसाबरोबर बाकीचंही बरंच येतं. म्हणून लाल मांस शिजलेल्या वजनाने आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा. सॉसेज, बेकन, हॅम तर जवळपास बंदच: रोजच्या ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. दारूला सुरक्षित मात्रा नाही.

पायरी ७: उपास करावा का?

२०२४मध्ये ‘इम्युनिटी’त एक सुंदर प्रयोग आला. उंदरांना आठवड्यातून दोनदा २४ तास उपाशी ठेवलं, मधल्या दिवसांत मनसोक्त खाऊ दिलं. त्यांच्या नॅचरल किलर पेशी (कॅन्सर पेशी मारणाऱ्या आणखी एका जातीच्या प्रतिकार पेशी) ग्लुकोजऐवजी मेदाम्लांवर चालायला शिकल्या. काही पेशी प्लीहेतून अस्थिमज्जेत गेल्या आणि परतल्यावर जास्त इंटरफेरॉन गॅमा बनवू लागल्या. चरबीने भरलेल्या गाठीत असं शिक्षण उपयोगी पडणारच.

पण उंदराचे २४ तास आणि माणसाचे २४ तास सारखे नाहीत. उंदीर एका दिवसात वजनाचा मोठा हिस्सा गमावतो. माणसात तेवढा ताण यायला कित्येक दिवस लागतील. स्तनाच्या कॅन्सरच्या १३१ रुग्णांवर केमोभोवती उपासासारखा कमी उष्मांकांचा आहार तपासला गेला, तेव्हा सगळ्या फेऱ्या पुऱ्या करणं फारच थोड्यांना जमलं. सध्या करता येण्यासारखं एवढंच: रात्रीचं जेवण लवकर आटोपून १२ तासांचा रिकामा वेळ. निरोगी माणसाला याने नुकसान नाही. वजन घटत असेल, मधुमेहाची औषधं चालू असतील, बीएमआय २०च्या खाली असेल किंवा केमोने भूक मेली असेल, तर उपास नको. अशांना रात्री झोपण्यापूर्वी दूध किंवा दही घेणंच जास्त फायद्याचं.

पायरी ८: गोळ्यांचं कपाट रिकामं करा

‘इम्युनिटी बूस्टर’ असं लिहिलेल्या बाटल्यांबद्दल एकच गोष्ट पुरे. १९९४मध्ये फिनलंडच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या प्रयोगाचे निकाल आले. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. दोन वर्षांनी अमेरिकेतला तसाच प्रयोग त्याच कारणाने मुदतीआधी थांबवावा लागला. गाजर खाण्याने असं होत नाही. मोठ्या मात्रेतला एकच घटक वेगळा वागतो. रेडिएशन आणि काही केमो औषधं कॅन्सर पेशींत ऑक्सिडेशन घडवून त्यांना मारतात; त्याच वेळी अँटिऑक्सिडंटच्या भारी गोळ्या घेणं म्हणजे आग लावून वर पाणी मारणं.

ड जीवनसत्त्वाची आधी तपासणी करा. मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर भरून काढतील. कमतरता नसताना रोज २,००० युनिट घेतल्याने कॅन्सर टळत नाही, हे २५,८७१ लोकांवरच्या प्रयोगात दिसलं आहे. जस्त टी पेशींसाठी आवश्यक आहे, पण रोज ४० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तांबं कमी पडू लागतं आणि त्याने पांढऱ्या पेशीच घटतात.

औषधांशी थेट भांडणारे पदार्थही आहेत. ग्रेपफ्रूट यकृतातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे अनेक टार्गेटेड (कॅन्सर पेशींतल्या ठरावीक बिघाडावर नेम धरणाऱ्या) गोळ्यांची रक्तातली मात्रा वाढते. ग्रीन टीच्या अर्कातला घटक बोर्टेझोमिब या कॅन्सरवरच्या औषधाला बांधून निकामी करू शकतो. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकन या केमो औषधाची रक्तातली मात्रा घटवते. म्हणून घरातल्या सगळ्या बाटल्या, काढे आणि पावडरी एका पिशवीत घालून पुढच्या भेटीला न्या. तोंडी सांगताना निम्म्या विसरतात.

पायरी ९: पांढऱ्या पेशी खाली असताना स्वयंपाकघर

केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत न्यूट्रोफिल तळाला जातात; मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली गेले तर धोका मोठा. पूर्वी अशा रुग्णांची कच्ची फळं-भाज्या पूर्ण बंद करत. तुलना करून पाहिल्यावर त्याने संसर्ग कमी होत नाहीत असं दिसलं. उलट फळं-भाज्या बंद झाल्याने तंतूही बंद होतात. स्वच्छता मात्र सोडायची नाही.

फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, सोलायची असली तरी. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे. अंड्याचा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रिजमध्ये, उथळ डब्यात, म्हणजे लवकर गार होतं. फ्रिज ४ अंशांवर. पुन्हा गरम करताना मध्यभागी ७४ अंश, थर्मामीटर नसेल तर मधूनही वाफ येईपर्यंत, आणि एकदाच. कच्ची मोड आलेली कडधान्यं या दिवसांत नकोत, कारण मोड येण्याच्या उबदार ओलाव्यात जंतूही वाढतात. वाफवून घेतली तर चालतील. कच्चं दूध, कच्चे मासे आणि बाहेर उघड्यावर ठेवलेले पदार्थ टाळा.

पायरी १०: वहीत काय लिहायचं

रोज फक्त चार गोष्टी: प्रथिनांचा अंदाजे आकडा, तंतूंचा आकडा, शौचाच्या वेळा, आणि ताप. आठवड्याला वजन. जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडते.

सलग दोन आठवडे वजन घटलं किंवा आठवडाभर नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी खाल्लं गेलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आहारतज्ज्ञांची वेळ मागा. ताप ३८ अंशांवर गेला आणि केमो चालू असेल, तर त्याच तासाला फोन, रात्रीचे दोन वाजले असले तरी. इम्युनोथेरपी चालू असताना नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा अधिक वेळा जास्त शौचाला होत असेल किंवा रक्त दिसत असेल, तर तो कडधान्याचा दोष समजून घरगुती उपाय करत बसू नका. चेतवलेल्या टी पेशी आतड्यावरच उलटल्या असण्याची शक्यता असते. अशा वेळी तंतू थांबवा, जुलाब बंद करणारी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका आणि त्याच दिवशी ऑन्कोलॉजिस्टना कळवा.